सात मिनिटांची काशी

झाशीतल्या मॉलच्या दुसऱ्या मजल्यावर, डोळ्यांना यंत्र बांधून काशी दाखवणाऱ्या त्या दुकानाच्या दाराशी स्नेहलतावहिनींनी चपला काढल्या आणि भिंतीला टेकवून नीट जोडीनं ठेवल्या. दुकानाचे मालक नीरजजी आतून लगबगीनं पुढे आले.

"माताजी, चप्पल पहने रहिए. यहाँ सब ऐसे ही आते हैं."

"मंदिर दिखाओगे ना?" वहिनींनी विचारलं.

"जी."

"तो फिर?"

मागून आलेल्या त्यांच्या धाकट्या दिरानं, मकरंदनंही मुकाट्यानं बूट काढले. उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता, तो त्यानं डाव्या पायाखाली लपवला. छप्पन्न वर्षांचा, विमा कार्यालयात वरिष्ठ पदावर बसणारा माणूस, पण वहिनींपुढे त्याचा आजही शाळकरी पोरगा होत असे.

ही सगळी कल्पना त्याच्या मुलीची, इराची. मॉलमध्ये व्हीआर आलंय, त्यात काशीसुद्धा आहे, मोठ्या काकूला दाखवू या, असं ती परवा जेवताना म्हणाली होती. देविकानं, म्हणजे मकरंदच्या बायकोनं, नवऱ्याकडे एकदा पाहिलं होतं आणि वरण वाढायला घेतलं होतं. मकरंदला मात्र ती कल्पना एकदम पसंत पडली. इतकी पसंत पडली की त्याची त्यालाच लाज वाटली. पायऱ्या नाहीत, गाडीची दगदग नाही, रजेचा अर्ज नाही. सात मिनिटांत काशी उरकली असती.

वहिनींना मात्र यात उरकण्यासारखं काही दिसलं नव्हतं. त्या पहाटे पाचला उठून, डिसेंबरच्या थंडीत डोक्यावरून न्हाल्या होत्या. ठेवणीतलं फिकट जांभळं लुगडं नेसल्या होत्या. मॉलमध्ये शिरताना इरा त्यांना आधी काहीतरी खाऊ घालायला निघाली, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या की दर्शन झाल्याशिवाय त्या पाणीही घेणार नाहीत. एकाहत्तर वर्षांची बाई सकाळपासून उपाशी होती आणि आता दुपारचा एक वाजला होता.

"मोठ्या काकू, घाबरायचं नाही हं," इरा त्यांना गोल फिरणाऱ्या खुर्चीवर बसवत म्हणाली. तिच्या मराठीला हिंदीचा वास होता, पण माया अस्सल होती. "चक्कर आला तर बस हात वर उठवायचा. पप्पा, तुम्ही पण बसा ना. दोन खुर्च्या आहेत."

मकरंदला बसायचं नव्हतं. पण नको म्हणायला कारण सुचेना. नीरजजी पूर्वी लग्नांचे फोटो काढायचे, आता लोक मोबाइलवरच भागवतात म्हणून हा धंदा धरला, असं सांगता सांगता त्यांनी नवरदेवाला मुंडावळ्या बांधाव्या तसं ते काळं यंत्र त्याच्या कपाळावर बांधलं, कानांवर हेडफोन चढवले, आणि मॉल नाहीसा झाला.

समोर गंगा होती.

मकरंदनं खुर्चीचे हात घट्ट धरले. तो नावेत बसला होता. खाली पाहिलं तर स्वतःचे पाय नव्हते, नावेच्या फळ्या होत्या आणि त्यांना लागून हिरवट पाणी हलत होतं. मान वळवली की दुसरी नाव, वर पाहिलं की पतंग, आणि मागे वळलं की ओळीनं घाट, छत्र्या, ओले सदरे, माणसंच माणसं. सगळं अगदी खऱ्यासारखं होतं. मकरंदला तो घाट ओळखीचा होता.

तो तिथे जाऊन आला होता. गेल्या वर्षी, कार्तिकात.

मोठे बंधू मधुसूदन यांनी निवृत्त झालो की बायकोला काशी दाखवीन असं म्हटलं होतं, आणि निवृत्तीनंतर चारच महिन्यांत ते गेले. तेराव्याला सगळ्या नातलगांसमोर मकरंद उठून म्हणाला होता, "वहिनींना काशी मी घडवीन." त्याला अकरा वर्षं झाली. झाशीहून बनारस ते किती लांब! संध्याकाळी गाडीत बसावं, सकाळी उतरावं. पण कधी ऑडिट निघालं, कधी इराची बारावी, कधी वहिनींचे गुडघे. दर दिवाळीत त्या सहज विचाराव्यात तसं विचारायच्या, "यंदा जमेल का रे?" आणि हा दर दिवाळीत म्हणायचा, "पुढच्या महिन्यात नक्की."

मग गेल्या वर्षी ऑफिसचं तीन दिवसांचं प्रशिक्षण नेमकं बनारसलाच निघालं. वहिनींना सांगितलं असतं तर त्या मागं लागल्या नसत्या, नुसतं एकदा बघितलं असतं. ते बघणं त्याला नको होतं. बरोबर साहेब लोक, हॉटेलात दोघांत एक खोली, त्यात म्हाताऱ्या वहिनींना कुठे घेऊन फिरायचं? तो घरी म्हणाला, लखनौला जातोय. वहिनींनी वाटेसाठी दशम्या बांधून दिल्या. त्या त्यानं दुसऱ्या दिवशी गंगेच्या पायरीवर बसून खाल्ल्या.

तिथेच एक म्हातारे गुरुजी भेटले. आडनाव ऐकून मराठीत बोलायला लागले. काशीला आलात तर आवडीचं एखादं फळ नाहीतर भाजी सोडून जा, म्हणाले, आपल्यात तशी रीतच आहे. मकरंदला ती रीत ठाऊक होती, त्याच्या आजीनं फणस सोडला होता. त्यानं ओंजळीत पाणी घेतलं आणि वांगं सोडलं. वहिनींच्या हातची भरली वांगी आणि चंपाषष्ठीचं भरीत, याहून आवडीचं त्याला जगात काही नव्हतं. केलेल्या लबाडीला तेवढी शिक्षा हवीच, असं त्याला त्या वेळी मनापासून वाटलं होतं. घरी आल्यावर त्यानं वांग्यानं अंगाला खाज सुटते अशी थाप मारून वेळ मारून नेली. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला, चातुर्मासभर घरात न आलेलं वांगं सगळ्यांच्या पानात पडलं, आणि यानं आपलं पान हातानं झाकलं. वहिनी क्षणभर डाव हातात धरून उभ्या राहिल्या. मग आत गेल्या आणि त्याच्यापुरती दुधीची भाजी टाकून घेऊन आल्या. तेव्हापासून वांग्याच्या दिवशी त्याचं दुधीचं पातेलं वेगळं चढू लागलं.

आता नाव घाटाकडे सरकत होती, आणि मकरंदच्या मनात एक वेडगळ भीती शिरली. हे चित्रण कधीचं? गेल्या कार्तिकातलं असलं तर? त्या गर्दीत, त्या पायऱ्यांवर, मरून रंगाचा स्वेटर घातलेला एक टकला माणूस मांडीवर दशम्यांची पुरचुंडी सोडून बसलेला दिसला तर? आणि शेजारच्या खुर्चीत वहिनी हेच पाहताहेत. तो एकेक पायरी धुंडाळू लागला. गंगेकडे, देवळांच्या शिखरांकडे त्याचं लक्षच नव्हतं. काशीत येऊन तो फक्त स्वतःला शोधत होता. डाव्या कोपऱ्यात लालसर काहीतरी दिसलं आणि त्यानं घाबरून यंत्र डोळ्यांवरून ओरबाडून काढलं.

मॉल परत आला. समोरच्या दुकानात बूट विकत होते. काचेबाहेर तीन-चार पोरंपोरी उभी राहून हसत होती.

ती वहिनींना हसत होती. वहिनी खुर्चीच्या कडेला सरकून बसल्या होत्या, पुढे वाकल्या होत्या, आणि त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ करून, तिथे नसलेल्या पाण्यात ती बुडवली होती. नीरजजी "माताजी, हाथ अंदर रखिए" म्हणायला पुढे झाले, पण इरानं त्यांना अडवलं. वहिनींनी ओंजळ वर आणली. त्यांचे ओठ हलत होते. काहीतरी पुटपुटून त्यांनी ती रिकामी ओंजळ सावकाश तिरकी केली, आणि पाणी सोडलं.

मकरंदला वाटलं, स्तोत्र म्हणत असतील. त्यानं काचेबाहेरच्या पोरांकडे रागानं पाहिलं. पण राग त्यांच्यावर नव्हता, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

यंत्र काढल्यावर वहिनी नीरजजींना हात जोडून म्हणाल्या, "भैया, भगवान आपका भला करे. बहुत अच्छे से दर्शन कराए." नीरजजी ओशाळले आणि त्यांच्या पाया पडले. आजवर कोणी गिऱ्हाईक त्यांना असं म्हणालं नसावं.

इरा मैत्रिणींबरोबर तिथूनच पुढे गेली. वहिनींनी लिंबू-पाणी घेऊन उपास सोडला आणि दोघं ई-रिक्षात बसली. घर प्रेम नगरात, पण वहिनींना भाजी दतिया गेटच्या बाजारातलीच लागायची. चाळीस वर्षं एकाच भाजीवाल्याकडे जात होत्या, शिवाय चार दिवसांवर चंपाषष्ठी आली होती.

"कसं वाटलं?" मकरंदनं विचारलं.

"छान होतं. गर्दी होती, पण धक्का लागत नव्हता."

"मग, झाली ना काशी?" हे विचारू नये असं त्याला वाटत होतं, तरी तोंडून गेलं.

"झाली की," वहिनी म्हणाल्या आणि पदर सावरून बाहेर बघू लागल्या.

त्याचा जीव भांड्यात पडायला हवा होता, पण तो कुठेतरी मध्येच अडकून राहिला. त्याला एकदम आठवलं की या दिवाळीत वहिनींनी ते विचारलंच नव्हतं. यंदा जमेल का रे, असं. अकरा वर्षांत पहिल्यांदा. त्याला वाटलं होतं, वय झालं, विसरल्या. बरंच झालं, असंही वाटलं होतं.

भाजीवाल्यापुढे वांग्यांचा ढीग होता. मोठी, गोल, भरताची, देठाशी काटे असलेली. पलीकडे लहान जांभळी वांगी होती, भरून करायची.

"भरायची वांगीही घ्या ना, वहिनी," मकरंद म्हणाला. गेलं वर्षभर तो असाच आग्रह करायचा, तेवढंच त्याला बरं वाटायचं. "माझं सोडा. तुम्हाला आवडतात."

"मला नकोत आता. सोडली मी."

"सोडली म्हणजे?"

"मघाशी. काशीला गेलं की आवडीचं काही सोडायचं असतं ना?" वहिनी एक भरताचं वांगं हातात घेऊन त्याचं वजन अजमावत होत्या. "घरात एकानं सोडलेलं दुसऱ्यानं मिटक्या मारत खायचं, ते मला वर्षभर बरं वाटत नव्हतं."

बाजाराचा गलबला चालूच होता. मकरंदचे कान तापले. लहानपणी वहिनी रागावल्या की मकरंदचा भावजी व्हायचा आणि तूचं तुम्ही व्हायचं. आता तसंच होईल म्हणून तो मान खाली घालून थांबला. तसं झालं असतं तर फार बरं झालं असतं.

"वहिनी, ते धरत नाहीत," तो कसाबसा म्हणाला. "ते नुसतं चित्र होतं. खरी काशी नव्हती ती."

"तुझी तर खरी होती ना, मकरंद?" वहिनींनी विचारलं. आवाजात कुठेही धार नव्हती. "नीट झालं ना तुझं दर्शन?"

त्यानं मान हलवली. झालं म्हणून की नाही म्हणून, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. पुढच्या महिन्यात नक्की, हे शब्द सवयीनं ओठांपर्यंत आले. ते बाहेर पडले नाहीत.

वहिनींनी हातातलं वांगं ढिगात परत ठेवलं आणि त्याहून लहान एक निवडलं. देवाला, देविकाला आणि इराला तेवढं पुष्कळ होतं.

"भैया, बैंगन बस यही एक," त्या दुधीकडे बोट दाखवत भाजीवाल्याला म्हणाल्या. "और लौकी ज़रा बड़ी देना. अब खाने वाले दो हैं."