अकरा वाजताचा घोट

“माफ करा मालक, पण ही आंबलीय.”

पाहुण्याने ग्लास काउंटरवरून हलकेच पुढे सरकवला. आवाजही त्याने खालीच ठेवला होता. पण नोव्हेंबरातल्या त्या दुपारी ‘शटल’ पबमध्ये आम्ही इनमीन चार माणसं होतो. काउंटरमागे मालक बर्नार्ड सटक्लिफ, समोर तो पाहुणा, खिडकीपाशी हिल्डा आणि काउंटरच्या टोकाला मी. सगळ्यांनाच ऐकू गेलं. हिल्डाच्या विणायच्या सुया थांबल्या.

बर्नार्डने ग्लास उचलून दिव्यासमोर धरला. बिअर नितळ होती. पलीकडे धरलेली बोटं मोजता आली असती. सवयीने त्याने ग्लास नाकाशी नेला, क्षणभर तसाच धरला. आणि मग पाहुण्याकडे न बघता माझ्याकडे बघितलं.

“लेन, तुझी कशी आहे?”

हा प्रश्न तो मला रोज विचारायचा. सात महिने मी त्याला रोज एकच उत्तर देत आलो होतो.

आमच्या थॉर्नशॉ गावात तसे पब तीन, पण लांबलांबची माणसं वाट वाकडी करून यायची ती ‘शटल’मध्ये. तिथे ना बघण्यासारखं काही होतं, ना खायला फारसं काही मिळायचं. डुकराचं मांस भरलेले पॅटिस आणि लोणच्यातला कांदा, बस्स. माणसं यायची ती बर्नार्डच्या तळघरासाठी. पिंपातली बिअर जिवंत असते, असं तो म्हणायचा. तळघरात आल्यावरही ती आतल्या आत मुरत असते, तिला थंडाव्यात निजू द्यावं लागतं, घाई केली की ती रुसते. आणि एकदा पिंपाला तोंड पाडलं की तीन-चार दिवसांत ते संपलंच पाहिजे. एखाद्या गिऱ्हाइकाने नुसतं तोंड वाकडं केलं तरी बर्नार्ड त्याचा ग्लास ओतून द्यायचा आणि दुसरा भरायचा. एका नाताळच्या आदल्या दिवशी तर त्याने अख्खंच्या अख्खं भरलेलं पिंप अंगणातल्या गटारात रिकामं केलं होतं.

“अहो, मग लोक पितील काय?” त्याची बायको डोरीन दारातून ओरडली होती.

“चहा!” बर्नार्ड म्हणाला. आणि खरोखरच त्या दिवशी अर्धं गाव ‘शटल’मध्ये चहा पीत बसलं होतं. मीही होतो. एकतीस वर्षं मी याच खोऱ्यात बस चालवली. दुपारची पाळी संपली की मी तिथे जायचो, आणि निवृत्त झाल्यावर तर दुपारपासूनच.

त्यानंतर काही वर्षांनी बर्नार्ड तळघराच्या पायऱ्यांवरून घसरला. डोक्याची मागची बाजू दगडावर आपटली. हॅलिफॅक्सच्या दवाखान्यात चार दिवस काढून तो परतला आणि आठवडाभरात पुन्हा काउंटरवरच्या बिअरच्या पंपापाशी उभा राहिला. चांगला बरा झाला, असंच आम्ही सगळे म्हणालो.

तो बरा झाला नव्हता हे मला डोरीनने सांगितलं. तेही सहा वर्षांनी, ती स्वतः दवाखान्यात शेवटचे दिवस मोजत असताना. मी भेटायला गेलो तेव्हा तिने बर्नार्डला काहीतरी निमित्त काढून खाली पाठवलं.

“लेन, दार लोटून घे,” ती म्हणाली. “आणि उभा काय राहिलायस, बस ना. बर्नार्डला वास येत नाही.”

“कसला?”

“कसलाच नाही. पडला तेव्हापासून. आणि वास नाही म्हणून चवही नाही. डॉक्टर म्हणाले, आता यायची नाही. तू कुणाला बोलायचं नाहीस हं.”

“पण बिअर तर...”

“मी रोज अकराला तळघरात उतरायचे ते कशाला? तुला काय वाटलं, म्हातारपणी मला बिअरची गोडी लागली?”

“मला वाटलं, त्याला सोबत म्हणून.”

ती हसली आणि हसता हसता तिला खोकला आला. मी पाणी दिलं.

“मला ती अजून गढूळ पाण्यासारखीच लागते. पण कालच्यासारखी नाही लागली की मी सांगायचे. आज आंबट आहे, आज ओल्या पुठ्ठ्यासारखी आहे. जसं लागेल तसं. पिंप ठेवायचं की ओतायचं, ते तो ठरवायचा.” तिने माझा हात धरला. तिच्या हाताला वजनच नव्हतं. “आता ते तू करायचं. तो तुला कारण सांगणार नाही, मानी आहे मेला. पण विचारेल. विचारलं की खरं सांग. एवढंच.”

“सांगेन,” मी म्हणालो.

गुरुवारी ती गेली.

तीन आठवड्यांनी बर्नार्डने पब उघडला. उघडायच्या वेळेला मी दारात होतो. त्याने सदऱ्याला स्वतः इस्त्री केली होती आणि कॉलरवर तपकिरी डाग पाडून ठेवला होता. त्याने पंपाचा दांडा ओढून ग्लास भरला. तो माझ्यापुढे ठेवून तो फडक्याने काउंटर पुसायला लागला आणि माझ्याकडे न बघता सहज विचारल्यासारखं म्हणाला, “कशी आहे रे?”

मी घोट घेतला. बिअर उतरायला लागली होती. फार नाही, जिभेच्या कडेला किंचित आंबट.

मी त्याच्या त्या कॉलरकडे बघितलं आणि म्हणालो, “फर्मास.”

त्याचे खांदे सैल पडले. “वाटलंच मला,” तो म्हणाला. “तिने कोपऱ्यात ठेवलेलं शेवटचं पिंप आहे ते.”

म्हटलं, उद्या सांगू. आजचा दिवस जाऊ दे. दुसऱ्या दिवशी वाटलं, काल फर्मास म्हणालो, आज आंबट कसं म्हणू? आठवड्याभरात त्याने पिंप बदललं तेव्हा हायसं वाटलं. पण गिऱ्हाईक आटत चाललं होतं. तीन दिवसांत संपणारं पिंप आठ-आठ दिवस चालायला लागलं. बर्नार्ड भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी उभा राहून तारखा बघायचा, मग माझ्याकडे वळायचा.

“सहा दिवस झाले रे. काढू का हे?”

“कशाला? छान आहे की.”

असं मी म्हणालो. एकदा नाही, किती वेळा म्हणालो ते मला आता आठवायचंही नाही. त्याचं कॅलेंडर खरं सांगत होतं आणि मी त्याला खोटं पाडत होतो.

बाकीच्यांनीही माझंच बघितलं. हिल्डा शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म काढलेली बाई, तिच्या जिभेला फसवणं सोपं नव्हतं. तिने गोळ्या चालू आहेत म्हणून लिंबूपाणी धरलं. दोघंतिघं ग्लास अर्धा ठेवून, “बायको वाट बघतेय,” म्हणत उठायचे आणि खाली गावच्या क्लबात जाऊन बसायचे. कुणी एकत्र बसून ठरवलं नव्हतं. त्याच्या दुःखाला जपतोय, असं ज्याला त्याला वाटत होतं. मला तर जरा जास्तच वाटत होतं, कारण आंबट बिअर रोज तळापर्यंत पिणारा मी एकटाच होतो.

आणि आज हा पाहुणा आला होता. चांगल्या पबांच्या पुस्तकात नाव वाचून, लेस्टरहून रेल्वेने आणि मग दोन बस बदलून. त्याच्या हातात ते पुस्तक होतं, ‘शटल’च्या पानावर कागद घातलेलं.

“लेन, तुझी कशी आहे?”

“त्या माणसाचंच तोंड आलं असेल,” हिल्डा खिडकीपाशी बसूनच म्हणाली. “प्रवासात काय काय खातात ही माणसं.”

“हिल्डा, तू थांब जरा,” बर्नार्ड म्हणाला. “लेन, मी तुला विचारतोय.”

माझ्या ग्लासात अर्धी उरली होती. “आंबलीय,” मी म्हणालो.

“कधीपासून?”

“झाले चार दिवस.”

“मी या पिंपाचं नाही विचारत.”

पाहुण्याने पुस्तक मिटलं. मी मान खाली घातली. “डोरीन गेल्यापासून. सगळीच पिंपं नाही, पण... बरीच.”

“तिने तुला सांगितलं होतं? माझं?”

“हो.”

तो पाहुण्याकडे वळला आणि त्याच्याशी इतक्या सभ्यपणे बोलला की माझा जीव अर्धा झाला. “साहेब, एवढ्या लांबून आलात, माफी असावी. पूल ओलांडून मिलब्रिजच्या वाटेला लागा, डाव्या हाताला ‘क्विन्स’ म्हणून पब आहे. तिथे बिअर नीट ठेवतात. माझं नाव सांगा.” पाहुणा दारापर्यंत गेला, परत वळून काहीतरी म्हणणार होता, पण तसाच निघून गेला.

मग बर्नार्डने माझा ग्लास उचलला आणि मोरीत ओतला. हिल्डाचं लिंबूपाणी उचलून बघितलं. “गोळ्या नव्हत्याच ना गं?”

हिल्डाचे डोळे भरले. “नाही रे बाबा.”

तिने विणकाम गोळा केलं आणि ती गेली. मी थांबलो.

“बर्नार्ड, तुला वाईट वाटू नये म्हणून...”

“वाटलं असतं,” तो म्हणाला. “एक दिवस वाईट वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी तू अकराला आला असतास, तळघरात एक घोट घेतला असतास आणि घरी गेला असतास. एवढंच पाहिजे होतं, लेन. डोरीनला बिअरमधलं काय कळत होतं? काही नाही. पण ती म्हणायची ते मी डोळे मिटून खरं धरायचो.”

“उद्यापासून येतो. अकराच्या ठोक्याला येतो, तू म्हणशील तर दहाला येतो.”

त्याने फडकं नळाखाली धरलं, पिळलं, दांडीवर वाळत घातलं. तो रागावलेला नव्हता. रागावला असता तर मी पाय धरले असते.

“ये की,” तो म्हणाला. “पण तू छान आहे म्हणालास, तर ते खरं कशावरून समजू?”

मी उठून कोट घातला.

त्या संध्याकाळी त्याने तळघरातली दोन्ही पिंपं गटारात ओतली. मी मदतीला गेलो तर म्हणाला, “राहू दे, तुझा गुडघा दुखतो.” दुसऱ्या दिवशी पुस्तकवाल्यांना पत्र लिहून त्याने ‘शटल’चं नाव काढायला सांगितलं. मार्चपर्यंत त्याने बाटलीतली बिअर विकली, आणि मग पब सोडून किल्ल्या देऊन टाकल्या. आता तिथे जेवणघर आहे. टेबलांवर मेणबत्त्या असतात. हिल्डा नि मी क्लबात बसतो. ‘शटल’चा विषय निघाला की ती विणकामाचे टाके मोजायला लागते.

बर्नार्ड बहिणीकडे राहायला गेल्याचं कळलं होतं. कोणती बहीण, कुठे, हे विचारायचं धैर्य मला झालं नाही.

दोन वर्षांनी, मे महिन्यात, मिलब्रिजला दाताच्या डॉक्टरकडे गेलो होतो. काम लवकर आटोपलं, म्हणून एका पबच्या मागच्या अंगणात बाकावर उघडायची वाट बघत बसलो. तळघराची झडप वर उचलली गेली आणि त्यातून बर्नार्ड बाहेर आला. रबरी बूट, कोपरापर्यंत वर केलेल्या बाह्या, दोन्ही हातांत सफाईच्या रसायनाचे डबे. बिअरच्या पंपांच्या नळ्या धुवायचं काम धरलं होतं त्याने. तीन गावांतले आठ पब. या कामाला नाक लागत नाही; गरम पाणी, घड्याळ आणि चिकाटी लागते.

“लेन,” तो म्हणाला. “गुडघा कसा आहे?”

“आहे तसाच. पावसाळी हवेत बोलतो. तू बरा दिसतोस.”

“चालायला लागतं ना. बरं असतं ते.”

दोन वर्षं मनात घोळवलेली वाक्यं होती माझ्याकडे. त्यातलं एकही ओठावर आलं नाही. आम्ही बसच्या नव्या वेळांबद्दल बोललो. त्या अगदीच वाईट होत्या, यावर आमचं एकमत झालं. पुढच्या बाजूला दाराचा अडसर निघाल्याचा आवाज आला.

“चल ना आत,” मी म्हणालो. “एक घेऊ.”

“नको रे. बाराच्या आत अजून दोन करायचेत.” त्याने झडप खाली घातली आणि ती नीट बसली का ते बुटाने दाबून बघितलं. मग मला म्हणाला, “तू जा. इथली चांगली असते म्हणतात.”

डबे उचलून तो अंगणाच्या फाटकातून बाहेर पडला. पुढचा पब चढावर होता. मी फाटकात उभा राहिलो. उजव्या हातातला डबा जास्त भरलेला असावा. अर्ध्या चढावर त्याने दोन्ही डबे खाली ठेवले, हात बदलले आणि पुन्हा चालायला लागला.