मिठातले हात आणि कोपराचा नळ

मित्रांनो, मी एक जुना नळ आहे. पेणच्या एका दवाखान्यात, पुरुषांच्या वॉर्डच्या दाराशी राहतो. माझी दांडी लांब आहे. ती कोपराने ढकलायची, म्हणजे धुतलेला हात पुन्हा मला लागत नाही. करोनात माझ्यापुढे रांग लागायची. साथ ओसरली आणि माझ्या दांडीवर ओले पंचे वाळू लागले.

मग रघू आला. खाडीकाठच्या मिठागरात फावडं लागून त्याचा पाय चिघळला होता. ऑपरेशन झालं, पट्टी बांधली. बायको जनी उशाशी. माया एवढी, की घडीघडीला पट्टी उचलून बघायची.

"मावशी, पट्टीला हात लावू नका. आणि त्यांच्याजवळ जाण्याआधी हात धुवा," मृणाली सिस्टर म्हणाली.

"मिठागरातले हात हायत गो माझे! मिठात कधी किडा पडतो व्हय? सुकी मच्छी बघ कशी टिकते."

"म्हंजे मी आता सुकट झालो!" रघू म्हणाला. सगळा वॉर्ड हसला.

एका सकाळी मात्र रघू हसेना. मृणालीने माझ्यापाशी हात धुतले आणि पाय पाहिला. लाली पट्टीबाहेर सरकली होती. कातडी गरम, ठणका वाढलेला, अंगात ताप. तिने पेनाने लालीच्या कडेने रेघ आखली आणि डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी औषध बदललं. म्हणाले, "लाली रेघेपुढे गेली, तर जखम पुन्हा कापून साफ करावी लागेल."

जनीचा चेहरा उतरला. "माझ्या हातानं झालं?"

"कुणाच्या हातानं, ते सांगता येत नाही, मावशी," मृणाली म्हणाली. "पण काही जंतू मिठातही तगतात. आणि तुमचे हात एसटीची दांडी, डब्याचं झाकण, सगळ्याला शिवून आलेत."

जनी माझ्याकडे आली. सवयीने पंजा पुढे केला, मग थबकली आणि कोपर लावलं. मृणालीने दाखवलं तसे बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं तिने चोळली. मिठाने पडलेल्या भेगांत साबण झोंबला, तरी ती थांबली नाही.

त्यानंतर पट्टीला फक्त सिस्टरचा हात लागला. जनी रोज सकाळी आधी रेघ बघायची. लाली रेघेपाशी थांबली, मग हळूहळू मागे सरली.

रघूचा धाकटा भाऊ काळुराम भेटायला आला आणि थेट खाटेकडे निघाला.

"थांब! आधी नळ."

"वयनी, माझे हात मिठातले..."

"ते मला नको सांगू! कोपरानं उघड."

घरी जायच्या दिवशी रघू लंगडत, पण स्वतःच्या पायांनी माझ्यापर्यंत आला आणि हात धुतले. जनीने माझ्या दांडीवरचा पंचा उचलून खिडकीत वाळत टाकला.

मित्रांनो, आजारी माणसाला भेटायला याल तेव्हा माया जरूर आणा. फक्त ती हातांनी देण्याआधी जरा माझ्यापाशी थांबा.