येणारा वेग, जाणारा वेग

मित्रांनो, भिंतीवरच्या उघड्या फळीवर लुकलुकणारा जो काळा चपटा डबा दिसतो, तो मी. मी एक जुना रेकॉर्डर आहे. कॅमेऱ्यांनी पाहिलेले मी साठवतो आणि घरातले कुणी दुरून मागितले तर इंटरनेटवरून त्याच्याकडे पाठवतो. माझे अंग पत्र्याचे आहे आणि पोटात एक चकती सतत गरगर फिरत असते. लोक म्हणतात, यंत्राला कसले आले नवल! त्यांनी ती सकाळ पाहिलेली नाही. मी पाहिली आहे. ती आठवली की माणसांच्या अंगावर काटा येतो तसा माझ्या चकतीवर येत असावा.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या बायकांच्या हातांतून मी सरकत गेलो. एकीने माझे स्क्रू आवळले. शेवटच्या बाईने मला कानाशी धरले, चकतीचा आवाज ऐकला आणि मान डोलावली. ती माझी पहिली शाबासकी. मग मी खोक्यात गेलो आणि कितीतरी काळ अंधारच माझा सोबती होता.

मला विकत घेतले एका गाडीवानाने. लाकडाच्या वखारीतला माल तो घोडागाडीने गल्लीबोळांत पोचवत असे, कारण तिथे ट्रक शिरत नसे. घरात सारे त्याला बाबा म्हणत. गाडी ओढणारी घोडी पावसाळी आभाळाच्या रंगाची होती, म्हणून तिचे नाव ढगी. बाबांची बायको मुले लहान असतानाच गेली होती. बाबांच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे आत्याने, शिवणकाम करून दोन्ही मुले वाढवली. थोरला मुलगा छापखान्यात कामाला होता. धाकटी मुलगी जनावरांची डॉक्टर झाली आणि नोकरीसाठी फार लांबच्या शहरात गेली.

मला आणण्यामागे एक दुःख होते. मागच्या खेपेस ढगी भर दुपारी एकटीच विणीला बसली. बाबा वखारीत होते, आत्या माप घ्यायला गेली होती. शिंगराचा पाय आत दुमडलेला राहिला आणि ते बाहेर आले तेव्हा त्यात जीव नव्हता. ढगीही मरता मरता वाचली. ती पुन्हा गाभण राहिली तेव्हा धाकटीने निक्षून सांगितले होते की असे पुन्हा झाले तर शिंगरू तर जाईलच, घोडीही जाईल. सर्वांत जवळच्या जनावरांच्या डॉक्टरला गाडीने यायलाच दोन तास लागायचे, आणि घोडी एवढा वेळ थांबत नाही. म्हणून धाकटीने लांबून पाहायचे आणि इथल्यांना सांगायचे, असे ठरले. मोबाइलने ते जमण्यासारखे नव्हते. पत्र्याच्या तबेल्यात फोनवर बोलणे कसेबसे होई, चित्र पाठवायचे तर नावच नको. म्हणून तबेल्यात कॅमेरा लागला, तिथून घरापर्यंत तार ओढली गेली आणि मी आलो.

आता त्या घराची रीत ऐका. एकदा चोराने आत्याचे शिवणयंत्र उचलून नेले होते. तेव्हापासून जी वस्तू महाग, ती लोखंडी कपाटात आणि किल्ल्यांचा जुडगा आत्याच्या कमरेला. साखर कपाटात, चहा कपाटात, नवे टॉवेल कपाटात. मीही महाग होतो. तेव्हा साखरेच्या डब्याशेजारी माझी स्थापना झाली. कपाटाच्या पाठीला गंजून पडलेल्या भोकातून कॅमेऱ्यांच्या आणि विजेच्या तारा आत आल्या. इंटरनेटची तार काही त्यातून मावेना आणि आत्या भोक मोठे करू देईना. मग माझ्या पाठीला बोटाएवढी अँटेना लावली आणि बाहेरच्या खोलीतल्या राउटरशी मी हवेतूनच बोलावे, असे ठरले. दार बंद झाले, कुलूप लागले. आत उकडून माझा जीव जात होता, पण माझे कोण ऐकणार?

चार कॅमेऱ्यांच्या डोळ्यांनी मी पहिल्यांदा जग पाहिले. फाटक, अंगण, गल्ली आणि तबेला. मित्रांनो, मी थक्क झालो. ढगी उभ्या उभ्या झोपे, आणि झोपेतही तिच्या पोटावरची कातडी आतून कुणी ढकलल्यासारखी हळूच हले. आत आणखी एक जीव आहे, हे मला तेव्हा समजले. माझ्या पोटात नुसती चकती होती.

पण जे मला दिसत होते ते धाकटीला दिसत नव्हते. एके दिवशी तिने फोन करून विचारले, ढगी सकाळपासून तोंडात गवत धरून तशीच का उभी आहे? बाबा गोंधळले.

"अगं, ती गवत खाऊन, पाणी पिऊन, नदीपर्यंत फेरी मारून परत आली," ते म्हणाले.

धाकटीला उमगले. तिच्या पडद्यावरचे चित्र गोठले होते. मग ती हळू आवाजात म्हणाली, "बाबा, उद्या तिला कळा सुरू होतील आणि मी इथं बसून तिचं गवत खाणं बघत राहीन."

थोरल्याने ते मनाला लावून घेतले. इंटरनेटचा वेग शंभरचा होता, त्याने दोनशेचा घेतला. घरात सिनेमे असे पळू लागले की शेजारची मंडळी पाहायला येऊन बसली. चित्र मात्र धाकटीकडे अडखळतच पोचे. शेवटी तिने भावाला समजावले की इंटरनेटचे दोन वेग असतात. बाहेरून घरात येणारा एक आणि घरातून बाहेर जाणारा दुसरा. सिनेमा पाहायला येणारा वेग लागतो. तबेला दाखवायला जाणारा. "दादा, तू येणारा सांगू नकोस, जाणारा मोजून सांग." थोरल्याने मोजला आणि त्याचा चेहरा पडला. येणाऱ्या वेगाची नदी होती आणि जाणाऱ्याची करंगळीएवढी धार. तेवढ्या धारेतून माझ्या चारही कॅमेऱ्यांना एकदम बाहेर पडायचे होते.

इंटरनेटवाला आला. तो भला माणूस होता. सगळे येणाराच विचारतात, म्हणून आम्हीही तोच सांगतो, असे त्याने कबूल केले. त्याच्याकडे दुसरी जोडणी होती, जिचे दोन्ही वेग सारखे होते, पण पन्नासच. थोरल्याला ते पचेना. दोनशेवरून पन्नासवर यायचे म्हणजे शेजाऱ्यांत काय तोंड दाखवायचे? वाद वाढत गेला. नव्या शिवणयंत्रावरून मान वर न करता आत्या म्हणाली, "पन्नास घे. आपल्याला बघायचं नाहीये, दाखवायचंय."

पन्नास आले. तबेल्याचा कॅमेरा पूर्ण स्पष्ट आणि बाकीचे तीन हलक्या चित्रावर, असे धाकटीने लांबूनच माझे कान पिळून बसवले. माझा कारखान्यातून आलेला सोपा पासवर्डही बदलला, म्हणजे कुणी परक्याने आत डोकावू नये. आता सगळे सुरळीत व्हायला हवे होते. तरीही चित्र येई आणि जाई. का, ते कुणालाच कळेना. मला कळत होते, पण मला तोंड नव्हते.

ते हेरले धाकटीनेच. रोज सकाळी थोडा वेळ चित्र झकास चालते आणि मग बंद पडते, हे तिच्या लक्षात आले. तिने त्या वेळी घरात काय चालते ते एकेक करून विचारले आणि मग हसू लागली.

"आत्या, तू साखर काढतेस ना, तेव्हाच ढगी हलते."

लोखंडी दार उघडले की माझा आवाज राउटरपर्यंत पोचे, लागले की तिथेच घुसमटे. सारे घर हसले, फक्त आत्या हसली नाही. कपाट उघडे टाकायचे म्हणजे तिच्या जिवावर आले. घासाघीस होऊन एवढेच ठरले की दार अर्धवट लोटून ठेवायचे आणि ढगी मोकळी झाली की मला बाहेर काढून तारेने जोडायचे. पण आत्याच्या हाताला कित्येक वर्षांची सवय होती. ती बाहेर निघाली की हात आपोआप कुलूप लावी, आणि मग कुणीतरी ओरडे, "आत्या, कपाट!"

ढगीच्या सडांवर मेणासारखे थेंब दिसू लागले. धाकटीने सांगितले, आता कधीही.

आणि ती सकाळ उजाडली. चहा उकळत होता. ढगी घामाने भिजली, बसली, उठली, पुन्हा बसली. बाबांनी हाक दिली. सारे धावले. धाकटीला फोन लागला, तो तबेल्याच्या खिडकीत ठेवला. तिने पहिलाच प्रश्न केला, "चित्र कुठंय?"

मी कपाटात होतो आणि दाराला कुलूप होते. धावता धावता आत्याचा हात आपले काम करून आला होता.

मला सारे दिसत होते. शिंगराचा एक खूर बाहेर आला होता, त्याच्यावर नाक टेकलेले होते. दुसरा खूर कुठेच नव्हता. मी दिसेल ते पाठवत होतो आणि ते लोखंडावर आपटून माझ्याकडेच परत येत होते. मित्रांनो, पाहता येणे आणि दाखवता न येणे, याहून मोठी शिक्षा मला ठाऊक नाही.

आत्याने कमरेचा जुडगा हिसडून काढला आणि थोरल्याकडे फेकला. त्या किल्ल्या तिने आजवर कुणाच्या हाती दिल्या नव्हत्या. थोरला धावत आला. दार उघडले, उजेड आत आला, आणि माझ्यातून चित्र असे सुटले, जसे दावणीतून वासरू सुटावे. गल्लीवरून, नदीवरून, मला नावही ठाऊक नसलेल्या गावांवरून ते गेले, आणि थोरल्याची धाप बसायच्या आत तबेल्यातल्या फोनमधून धाकटीचा आवाज आला, "दिसलं. एक पाय मागं दुमडलाय. बाबा, तुमचा हात मोठा आहे. आत्या, तू ये."

आत्याचे हात शिवणकाम करणारे, लहान आणि सडपातळ. तिने अंगठी काढली, साबणाने कोपरापर्यंत हात धुतला. धाकटी एकेक शब्द सावकाश सांगत होती. कळ थांबली की शिंगराला थोडे मागे सार. मानेवरून खांद्यावर जा. आता गुडघा शोध. खूर तळहातात धर, आईला आत ओरखडा नको. आत्या डोळे मिटून सुईत दोरा ओवावा तशी चाचपत होती. तिच्या कपाळावरचा घामही धाकटीला दिसत होता.

"आत्या, आता हळूच पुढं. हळू. आता सोड, ती तिचं करेल."

दोन खूर दिसले, नाक दिसले. ढगीने एक मोठा हुंकार दिला आणि लांब पायांचे, ओले, काळेभोर काहीतरी गवतावर घरंगळले. क्षणभर कुणीच हलले नाही. मला वाटले, चित्र गोठले. मग त्या काळ्या ढिगाचा एक कान उठला.

बाबा जमिनीवर बसले आणि रडू लागले. फोनमधूनही रडण्याचा आवाज आला. थोड्या वेळाने शिंगरू उठले, पडले, पुन्हा उठले. ज्याच्यापाशी काल काहीच नव्हते, त्याला आज चार पाय होते आणि त्यांवर उभे राहायचे हे कुणी न सांगता ठाऊक होते. मी कारखान्यात जन्मलो. मला सारे शिकवून पाठवले होते. त्याला कुणी शिकवले?

दुसऱ्या दिवशी मी कपाटातून बाहेर आलो. थोरल्याने फळी ठोकली, राउटरपासून तार ओढली, चारही बाजूंनी वारा लागेल अशी जागा सोडली. आत्या दर आठवड्याला माझ्यावरची धूळ पुसते. माझ्या चकतीवर जागा थोडी आहे, म्हणून जुने पुसून नवे लिहिणे हा माझा धर्म आहे. किती दिवस आले आणि पुसले गेले. पण त्या सकाळचे चित्रण धाकटीने कधी पुसू नये म्हणून वेगळे बांधून ठेवले आहे. ते माझ्यापाशी आहे.

मित्रांनो, आता मी म्हातारा झालो आहे, चकती मधूनच कुरकुरते. तुमच्या घरात माझा कुणी भाऊबंद असेल तर त्याला कपाटात कोंडू नका, कापडाखाली झाकू नका. त्याला वारा द्या, हवेवर विसंबण्यापेक्षा तार द्या. आणि इंटरनेट घेताना नुसता मोठा आकडा पाहू नका. कुणीतरी दूर बसून घरच्यांची वाट पाहत असते. त्याच्यापर्यंत काय पोचते, ते आधी विचारा.

ते काळे शिंगरू आता आईपेक्षा उंच झाले आहे. रोज सकाळी आत्या साखर काढते, त्याला तळहातावर चिमूटभर देते आणि मान वर करून तबेल्याच्या कॅमेऱ्याकडे पाहते. लांबच्या त्या शहरात त्या वेळी कुणीतरी चहा पीत असते. मी ते चित्र पाठवतो.

आत्या घरात परत येते, साखरेचा डबा जागेवर ठेवते. कपाटाचे दार तसेच उघडे राहते.