हंडा उतरवायचा मान

पोस्टर लागलं त्या दिवसापासून ऑर्फा स्टिल्टनरने पोस्टात जाणं बंद केलं. पत्रं पडून राहिली तर राहू देत. पोस्टाच्या दारावर आपल्या धाकट्या बहिणीचं हसरं तोंड बघायचं आणि वर विजेचं बिल घेऊन यायचं, एवढं तिचं काळीज मोठं नव्हतं. ते मोठं करायची तिची इच्छाही नव्हती.

पोस्टरवर व्हेस्टा होती. निळा एप्रन, पांढरे झालेले केस छान कापलेले, डाव्या हातात बशी, उजव्या हातात चमचा आणि मागे तांब्याचा मोठा हंडा. खाली लिहिलं होतं, ‘ड्राय लॉरेलचा सफरचंद उत्सव. या, व्हेस्टाच्या हंड्यावर!’

हंडा म्हणे व्हेस्टाचा! तो आजीचा होता, मग आईचा, आणि आई गेल्यापासून ऑर्फाच्या कोठीत पालथा पडलेला असे. दर ऑक्टोबरात व्हिनेगर आणि मीठ लावून तो लख्ख करायचा तो ऑर्फाच्याच कोपरांनी. पण हंड्याचं एक वेळ जाऊ द्या. तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता तो बशीमुळे.

ड्राय लॉरेलमध्ये चर्चच्या आवारात सफरचंदाचं लोणी आटवतात. नावालाच लोणी, त्यात दुधाचा थेंब नसतो. सोललेली सफरचंदं, साखर आणि दालचिनी दिवसभर लाकडाच्या जाळावर आटत राहतात आणि संध्याकाळपर्यंत गडद तपकिरी होऊन पावाला लावण्याजोगी होतात. ढवळायला कुणीही चालतं. पण झालं की नाही हे ठरवणारी बाई एकच. ती गार बशीवर चमचाभर टाकून बघते. भोवती पाणी सुटलं तर अजून कच्चं. नाही सुटलं की ती चाखते आणि म्हणते, “उतरवा.” ती म्हणेपर्यंत हंड्याला कुणी हात लावत नाही, पाद्रीसुद्धा नाही. आईची नजर अधू झाली तेव्हा तिने सगळ्या बायांदेखत ती बशी ऑर्फाच्या हातात दिली होती. व्हेस्टा तेव्हा ओहायोत होती. तिने अभिनंदनाचं कार्ड पाठवलं होतं, वर मांजराचं चित्र.

तेवढा एकच मान ऑर्फाच्या नावावर होता. नवरा खाणीच्या धुळीने गेला. शाळेच्या स्वयंपाकघरातली नोकरी शाळा बंद झाली तशी गेली. उरली होती ती बशी. आता तीही पोस्टरवर दुसरीच्या हातात.

गावाचं म्हणाल तर कोळसा डोंगरात अजून आहे, कंपनी तेवढी गेली. तिच्यामागून दवाखाना गेला, बँक गेली, आणि मग एक दिवस माणसं येऊन रेल्वेचे रूळसुद्धा उखडून घेऊन गेली. ज्यांना जमलं ते ओहायोला, मिशिगनला कारखान्यांत गेले, आणि व्हेस्टा अगदी पहिल्या लाटेत. मागे राहिलेल्या पाच-सहा बाया मात्र दर ऑक्टोबरात हंडा चढवत राहिल्या, कारण चर्चचं छप्पर गळत होतं आणि दुसरं विकण्यासारखं काही नव्हतं. पावसात, वाऱ्यात, गिऱ्हाईक असो नसो. त्यांचं पोस्टर कुणी काढलं नाही.

मग म्हातारपणी व्हेस्टा परत आली. पेन्शन घेऊन आली आणि कल्पना घेऊन आली. कंपनीचं जुनं दुकान, ज्याच्या छपरातून झाड उगवलं होतं, ते तिने विकत घेतलं. खाली बेकरी काढली, वर पाहुण्यांना खोल्या. रुळांच्या जागी सायकलींची वाट झाली, ती मंजूर करून घ्यायलाही हीच सरकारदरबारी खेटे घालत होती. घट्ट चड्ड्या घातलेले सायकलवाले यायला लागले. एक कुंभारकाम करणारी मुलगी आली, शुक्रवारी दुकानाच्या ओसरीवर बँजो वाजायला लागला. वर्षानुवर्षं काळोख्या असलेल्या खिडक्यांत दिवे दिसू लागले. लोक म्हणायला लागले, व्हेस्टाने गाव उभं केलं. म्हणजे आम्ही इतकी वर्षं काय ते पाडत होतो? आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! खरं सांगायचं तर ते दिवे पाहून ऑर्फालाही बरं वाटायचं, आणि बरं वाटतं म्हणून तिला आणखीनच राग यायचा.

उत्सवाच्या सकाळी ती आली ती तोंड वाकडं करूनच. तिची जुनी मैत्रीण आयसी सफरचंदांच्या टोपल्या ओतत होती.

“आलीस का बाई एकदाची,” आयसी म्हणाली. “मला वाटलं, रुसून घरीच बसतेस.”

“मी कशाला रुसू? हंड्यावर माझं नाव थोडंच आहे.”

“फोटोवाला आधी तुझ्याकडेच आला होता ना? तू दार उघडलं नाहीस.”

“डोक्याला कर्लर लावले होते मी!”

“मग काढायचे ते.”

“तू टोपल्या ओत गं.”

जाळ धरला, हंडा रटरटायला लागला. पाळ्या लागल्या. लांब दांड्याचा लाकडी डाव घेऊन ढवळायचं, आणि ढवळायचं ते आजीच्या वेळेपासून ठरल्याप्रमाणे, दोनदा कडेने, एकदा मधून. कडेचं कडेला राहू नये आणि मधलं तळाला लागू नये. जाळ मधोमध असतो, त्यामुळे मधून फिरवायला चुकलं की संपलंच. जोडीने ढवळताना डाव हंड्याच्या कडेला आपटला तर जोडीदाराला मुका द्यावा लागतो, ही त्यातली गंमत. एक दाढीवाला सायकलवाला बायकोबरोबर ढवळत होता आणि त्याचा डाव सारखा आपटत होता.

“मुद्दाम करतोय लेकाचा,” बाकावर बसलेला हार्लेसकाका म्हणाला. हार्लेसकाका गावातला सर्वांत म्हातारा खाणकामगार आणि अख्ख्या गावाचा काका. हंडा उतरला की पहिला पाव त्याला, ही जुनी रीत. “आमच्या वेळी हंड्याला पोचे पडायचे, पोचे!”

सगळे हसले. व्हेस्टा सर्वांत मोठ्याने हसली, आणि पाहुण्यांना वाटलं, काय गोड बाई आहे. ऑर्फाला वाटलं, हसतेय बघा, घोड्यासारखी.

शेवटची पाळी नेहमी ऑर्फाची. तेव्हा लोणी घट्ट होतं, डाव ओढायला मनगट लागतं आणि तळ दगा देतो. तिने बाह्या सारल्या, डाव घेतला. दोनदा कडेने, एकदा मधून. दोनदा कडेने, एकदा मधून. हात आपोआप चालत होते, पण कान भलतीकडेच होते. चार पावलांवर वर्तमानपत्रातली एक मुलगी व्हेस्टाला प्रश्न विचारत उभी होती.

“तुम्ही परत आला नसतात तर हे गाव राहिलंच नसतं, असं सगळे म्हणतात.”

“छे गं बाई,” व्हेस्टा म्हणाली. “गाव इथेच होतं. मी फक्त खिडक्या पुसल्या.”

नम्रपणासुद्धा हिलाच शोभून दिसतो! लहानपणीही तेच. दोघींनी मिळून कपबशी फोडावी, व्हेस्टाने डोळ्यांत पाणी आणावं आणि मार ऑर्फाने खावा.

इतक्यात महापौर मध्ये आला. हा महापौर म्हणजे एरवी गाड्यांचे टायर बदलणारा गृहस्थ, पण त्या दिवशी त्याने टाय लावला होता.

“एक बातमी सांगून टाकतो,” तो म्हणाला. “पुढच्या वर्षी दुकानाच्या मोठ्या भिंतीवर चित्र काढायचं ठरतंय. आपली व्हेस्टा, हातात बशी आणि समोर हंडा. सायकलच्या वाटेवरून लांबून दिसेल असं!”

टाळ्या पडल्या. आयसीनेसुद्धा वाजवल्या.

ऑर्फाचे दोन्ही हात डावावर होते. भिंतीवर! कागदाचं पोस्टर पावसात गळून पडेल, भिंत थोडीच गळणार आहे? आपण मरून जाऊ, आणि येणारा-जाणारा बघेल की या गावात ‘उतरवा’ म्हणणारी बाई व्हेस्टा होती.

तिने डाव कडेने फिरवला. पुन्हा कडेने फिरवला. आणि तिसऱ्यांदाही कडेनेच.

हात थांबला असता तर कुणीही ओरडलं असतं. पण हात थांबला नव्हता. लांबून बघणाऱ्याला लोणी गोल फिरताना दिसत होतं, बाई घाम पुसताना दिसत होती. बघू दे हिला आता बशी घेऊन, ऑर्फाच्या मनात आलं. करपलेलं कळलं नाही आणि ‘उतरवा’ म्हणाली, तर हार्लेसकाकाच्या एका घासात हिची परीक्षा होईल. कळलं, तर हंडा ओतून द्यावा लागेल आणि वर्तमानपत्रात तेच छापून येईल. कसंही झालं तरी भिंत कोरी राहील. ती कडेनेच फिरवत राहिली. लाकडाच्या धुरात मधूनच एक कडवट वास वर आला आणि विरून गेला. मग तिने डाव मधून ओढला. तळाला खरबरीत लागलं. झालं होतं काम.

व्हेस्टा हात पुसत हंड्यापाशी आली. बशी, चमचा. गर्दी जवळ सरकली, कॅमेरे वर झाले.

“एक मिनिट ऐका,” व्हेस्टा म्हणाली. “फोटोत मी आहे, कारण मला फोटोत हसता येतं, एवढंच. भिंतीचं मला आत्ताच कळलं, तर तेही सांगून टाकते. या गावात हंडा कधी उतरवायचा हे एकच बाई सांगते, आणि ती मी नव्हे. आम्ही सगळे पळून गेलो तेव्हा जिने हा जाळ विझू दिला नाही, ती ही माझी बहीण. आईने बशी हिला दिलीय. भिंतीवर काढायचं तर हिला काढा.” आणि तिने बशी ऑर्फापुढे धरली. “घे गं. बघ झालंय का. मला कुठे धड कळतंय त्यातलं!”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आयसी डोळे पुसत होती. ऑर्फाला वाटलं, जमीन दुभंगावी. आयुष्यभर जे हवं होतं ते समोर आलं होतं, गावादेखत, बशीत वाढून.

तिने चमचाभर लोणी बशीवर टाकलं. पाणी सुटलं नाही. तिने चाखलं. आधी सफरचंद, मग दालचिनी, आणि मग मागून येऊन जिभेवर बसलेला तो करपटपणा. लाख साखर घाला, तो जात नाही. आईने हे ओतून दिलं असतं. ‘करपलंय, ओता’ एवढंच म्हणायचं होतं. पण मग कुणीतरी विचारणारच, डाव कुणाच्या हातात होता? आणि तो तर सगळ्यांनी पाहिला होता.

ऑर्फाने चमचा खाली ठेवला.

“उतरवा,” ती म्हणाली.

चार गडी पुढे झाले, जाळावरून हंडा उतरला, बरण्या भरायला लागल्या. पाहुण्यांनी गरम पावाला लोणी लावलं आणि माना डोलावल्या. “अहाहा, कसली धुरकट चव आहे!” दाढीवाला म्हणाला. “दुकानातल्याला ही मजा नाही.” बघता बघता रांग लागली. वर्तमानपत्रातली मुलगी ऑर्फाला हंड्याशेजारी उभं करून फोटो काढत होती. “हसा ना जरा! ही धुरकट चव तुमची खासियत का?” महापौर म्हणाला, पुढच्या वर्षी अस्संच व्हायला हवं, अगदी अस्संच.

पहिला पाव रीतीप्रमाणे हार्लेसकाकाकडे गेला होता. ऑर्फा त्याच्याकडे बघत नव्हती, तरी तिला तोच दिसत होता. त्याने एक घास घेतला. सावकाश चावला, गिळला. उरलेला पाव कागदी रुमालात गुंडाळून त्याने बाकावर ठेवला. पाव फेकणाऱ्यांतला तो नव्हता, संपाच्या दिवसांत उपाशी राहिलेला माणूस. त्याने बोटाने तिला जवळ बोलावलं.

“व्हेस्टाने उतरवला असता ना,” तो हळू म्हणाला, “तर म्हटलं असतं, जाऊ दे, ओहायोत राहिलेली पोरगी आहे, तिला काय कळतंय. पण तू कशी गं?”

तो रागावलासुद्धा नव्हता. पलीकडे आयसी एक घास खाऊन थांबली होती. मग तीही मान खाली घालून डाव धुवायला लागली. रांगेतल्या कुणालाच काही कळलं नव्हतं. ज्यांना कळत होतं, ती या गावात सात-आठच माणसं उरली होती, आणि ऑर्फाचा मान त्यांच्याच तर जिवावर होता.

व्हेस्टा दोन पाव घेऊन आली. एक तिने ऑर्फाच्या हातात दिला, एक स्वतः खायला घेतला. ऑर्फा तिच्या तोंडाकडे बघत राहिली. पहिल्या घासाला व्हेस्टाचा जबडा क्षणभर थांबला. कळणारच, तीही याच हंड्याच्या धुरात वाढली होती. तिने ऑर्फाकडे पाहिलं आणि ती सगळं समजून चुकली, हे ऑर्फालाही समजलं.

“काय मग, कसं झालंय?” वर्तमानपत्रातल्या मुलीने व्हेस्टाला विचारलं.

“आई करायची तसंच,” व्हेस्टा म्हणाली, आणि उरलेला पाव शेवटच्या तुकड्यापर्यंत खाऊन तिने बोट चाटलं.

ऑर्फाने आपला पाव तोंडाशी नेला. तो तिला खाववेना. व्हेस्टाने तो अलगद तिच्या हातातून काढून घेतला आणि तोही खाल्ला, हसत हसत, जराही तोंड वाकडं न करता. आणि देवाशपथ सांगते, ऑर्फाला त्याचाही हेवा वाटला.