आदेगोकेचं लोटांगण

आबेओकुटातल्या त्या घरात ढोल, पाहुणे आणि तळलेल्या माशांचा वास एकदमच दाटले होते. नवरी अबोसेदे आतल्या खोलीत पडद्याच्या फटीला डोळा लावून उभी होती. बोलावणं येईपर्यंत नवरीनं बाहेर यायचं नसतं. नवरदेव आदेगोके मात्र बोलावूनही येणार नव्हता. दूरदेशी विनिपेगच्या ज्या इस्पितळात तो नोकरीला होता, त्यानं त्याला रजाच दिली नव्हती. म्हणून त्याच्या मित्रानं, तायवोनं, इबादानहून भाड्यानं एक यंत्र आणलं होतं: खाली दोन चाकं, त्यावर माणसाएवढा दांडा आणि डोक्याच्या जागी स्क्रीन. स्क्रीनवर आदेगोकेचं हसरं तोंड. तिकडून तो चालवील तसं हे इकडं चालायचं. दांड्याला निळा पायघोळ आग्बादा झगा चढवला होता. पंख्याचा वारा लागला की नवरदेव फुगायचा.

अबोसेदेचे वडील वारल्यापासून या घरात शब्द चालायचा थोरल्या काकांचा, बाबा ओगुंसान्यांचा. ते उठून गेले की सोयरीक मोडली. सगळा बाजार बघून आलेला माणूस बोकडाकडे बघतो, तसे ते दांड्याकडे बघत होते.

"आमच्या घरची लेक मी झाडूला देणार नाही."

"बाबा, झाडू नाही, मी आदेगोके!" स्क्रीन म्हणाली.

"मग घाल लोटांगण. आमचा जावई जमिनीला छाती लावतो. आहे का तुला छाती?"

पडद्याआड अबोसेदेनं फट आणखी रुंद केली.

मुलीकडच्या गाणाऱ्या फोलाशादेबाईंना तेवढंच हवं होतं. ढोलवाल्याला खूण करून त्यांनी सूर लावला, "फूल खुडायला आलास रे, कंबर कुठं ठेवून आलास रे!" बायकांनी ओळ झेलली, "कुठं ठेवून आलास रे!"

नवरदेवाचे मित्र रीतीप्रमाणे पटापट पालथे पडले. तायवोनं दांडा वाकवला, तर चाकं मागंपुढं झाली आणि दांडा पुन्हा सरळ.

"ताठा बघा पोराचा!" बाबा म्हणाले.

घामाघूम तायवोनं मोटार बंद केली आणि नवरदेवाला सतरंजीवर पालथा घातला. हशा पिकला. बाबा हसले नाहीत.

"यंत्र पडलं. पोरगा पडला का? उचला, तोंड बघू दे."

उचलला. स्क्रीनवर रिकामी खुर्ची.

"पळाला!" कोणीतरी ओरडलं. "कॉफी प्यायला गेला असेल हो," तायवो पुटपुटला. बाबांनी काठी टेकली आणि उठले. अबोसेदेला राहवेना. ती पडद्याआडूनच किंचाळली, "आदेगोके!"

खुर्चीच्या खालून कुठूनतरी आवाज आला, "बाबा... उठू का?"

बाबा थबकले. "आहेस कुठं तू?"

"जमिनीवर. तायवोनं दांडा आडवा केला तेव्हाच मीही पालथा पडलो. तुम्ही ऊठ म्हणाला नाहीत."

"मग बोलला का नाहीस?"

"थोरल्यांनी उठवल्याशिवाय तोंड कसं वर करायचं, बाबा? पण इथली फरशी फार गार आहे हो."

बाबा सावकाश खाली बसले.

"मी रोज ज्याच्यापुढं डोकं टेकतो," ते हळूच म्हणाले, "त्यानं तरी मला कधी तोंड दाखवलंय? पण तो आहे, यात मला शंका नाही. पोरगा आलाय. पडून राहा, बेटा, आशीर्वाद देतो."

अबोसेदे रडता रडता हसली. पण बाबांचा आशीर्वाद म्हणजे काय ते साऱ्या गावाला ठाऊक होतं. त्यांनी प्रभूपासून सुरुवात केली, मग पूर्वज, मग पाऊसपाणी, मग दोघांचं घर, घराचं छप्पर. प्रत्येक वाक्याला खुर्चीखालून 'आमेन' येत होतं, आणि ते दर वेळी जास्त कुडकुडत होतं.

छप्पर पुरं व्हायच्या आतच पडद्याआडून अबोसेदे ठणठणीत ओरडली, "आमेन!"

"घाई नको गं," बाबांनी डोळे मिटूनच सांगितलं, "अजून मी नातवंडांवर आलो नाही."