टेबलाच्या पायाखालचा तेरा

मी तेरा आहे, मित्रांनो. वय नव्हे, आकडा. मला संत्र्याच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून कापलं, म्हणून माझ्या पाठीवर अर्धं संत्रं छापलेलं आहे. उरलेलं अर्धं आठाच्या पाठीवर आहे. आम्ही शेजारी होतो.

माझा जन्म पांढुर्ण्याच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत झाला. खाली बी-बियाण्यांचं दुकान, वर कंपनी. तिथे दर दुसऱ्या सोमवारी पुढच्या दोन आठवड्यांची कामं ठरतात. एकेक काम वाचलं जातं आणि ते किती जड आहे, त्या आकड्याचा पत्ता प्रत्येक जण आपल्या गड्डीतून काढून पालथा ठेवतो. मग सगळे पत्ते एकदम उलटतात. गड्डीत पत्ते सहाच: एक, दोन, तीन, पाच, आठ, तेरा. एक म्हणजे हलकं काम, तेरा म्हणजे कंबर मोडणारं. थोडक्यात, गड्डीत माझ्यावर कुणी नव्हतं.

तिथे काम करणाऱ्या केतनच्या हातात मी चार महिने मानाने राहिलो. एके दिवशी टेबल डुगडुगायला लागलं. केतनने इकडेतिकडे पाहिलं, मला पायाखाली सरकवलं आणि पुढच्या महिन्यात नोकरी सोडून नागपूरला गेला. टेबल स्थिर झालं. माझं कुणी अभिनंदन केलं नाही.

त्याची गड्डी नव्या दामिनीला मिळाली. ती सौंसरहून बसने येते. तिचा चेहरा मला दिसत नसे, फक्त चपला दिसत. वर पत्ते उलटायचे: अनिलचा तेरा, मोनालीचा तेरा आणि दामिनीचा आठ.

"करणारी आठ म्हणते, त आठच," मालक गजेंद्रभाऊ म्हणायचे.

खाली दामिनीच्या चपला खुर्चीखाली मागे सरकायच्या. मी पायाखालून ओरडायचो. पण पुठ्ठ्याचा आवाज तो किती?

आठ म्हणून घेतलेलं तिचं काम दोनदा उशिरा झालं. गजेंद्रभाऊंनी सांगून टाकलं, तिसऱ्यांदा झालं तर तिला पक्कं करायचं नाही. त्या दिवशी त्या चपला सगळ्यांच्या नंतर बाहेर पडल्या. कुणाच्या हातात जाण्याची इतकी ओढ मला कधी लागली नव्हती.

मग तो सोमवार आला. संत्र्याच्या बगीच्यात नेटवर्क नसतानाही चालेल असं ॲप करायचं होतं. सगळ्यांनी पत्ते ठेवले. दामिनीने ठेवला नाही.

"भाऊ, एक विचारू? नव्या लोकायले तेरा कवा भेटते?"

"भेटते म्हणजे?"

"मले वाटलं, पक्कं झाल्यावर देत असान."

"बाप्पा," अनिल म्हणाला, "तेरा काय बोनस होय का?"

मोनालीला आठवलं. "केतनची गड्डी आहे न ते? त्यानं टेबलाखाली काहीतरी कोंबलं होतं."

चार चेहरे एकदम खाली वाकले. आठ महिन्यांनी मी चेहरे पाहिले. टेबल उचलताना चहा सांडला. दामिनीने मला ओढणीने पुसलं आणि आठाशेजारी धरलं. संत्रं पूर्ण झालं.

"मंग मागचे ते दोन आठ?" गजेंद्रभाऊंनी विचारलं.

"तेराच होते, भाऊ."

"सांगतलं काहून नाही?"

"मांगाले लाज वाटे."

गजेंद्रभाऊ फळ्याशी गेले आणि तिच्या नावापुढच्या उशिराच्या दोन्ही फुल्या पुसल्या. "तेराचं काम एकट्याले देत नसतात. अर्धं अनिल करन."

"मी त चहा पुसून राहिलो," अनिल म्हणाला.

काम वेळेत झालं. दामिनी पक्की झाली. आता ती मोठी कामं आधीच फोडून लहान करते, त्यामुळे मला उचलायची वेळ क्वचितच येते. हे चांगलंच आहे. तरी दर दुसऱ्या सोमवारी मी तिच्या बोटांची वाट पाहतो.

टेबलाखाली आता अनिलच्या गड्डीतला एकाचा पत्ता आहे, कारण एवढं हलकं काम या कंपनीत आजवर कुणी पाहिलेलं नव्हतं. परवा एक बटण हिरवं करायचं होतं. दामिनीने एक ठेवला, मोनालीने एक ठेवला, अनिलने दोन.

"करणारा दोन म्हणते, त दोनच," गजेंद्रभाऊ म्हणाले.

खालून बारीक आवाज आला. मला तो ओळखीचा आहे.

मित्रांनो, टेबल डुगडुगलं तर विटेचा तुकडा शोधा. आणि पांढुर्ण्याला आलात, तर आमच्या टेबलाशी एकदा वाका.