शाळा सुटल्यावरचं वाक्य

"मुलांनो, रांगेत या," भोंगेकाकांची बायको म्हणाली. "बोलू न—"

काकांनी वायर कापली.

खाली व्हरांड्यात मुले रांगेत होती आणि बोलत होती, म्हणजे रोज करायची तेच. काका शिडीवरून उतरले, कापलेल्या टोकाला टेप गुंडाळली आणि जुना कर्णा बगलेत धरून सही घ्यायला मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले. बायको जाऊन दोन वर्षे होत आली होती. आता शिक्षण विभागाच्या एकेका शाळेत जाऊन ते तिला गप्प करत होते. हे काम त्यांना कुणी मुद्दाम दिले नव्हते. वायरमन तेच, शिडी त्यांचीच, मग दुसरे कोण करणार?

वार्तापत्र, पान एक
*विभागातील सर्व शाळांत नवी केंद्रीय उद्घोषणा यंत्रणा बसवण्याचे काम अंतिम टप्प्यात आहे. यापुढे सर्व सूचना मुख्य कार्यालयातून, एकाच वेळी, एकाच सुस्पष्ट आवाजात दिल्या जातील. पालकांनी नोंद घ्यावी.*

तिसरा तास सुरू होत आहे

तिचा आवाज शाळांत गेला तो अपघातानेच. ती विभागाच्या कार्यालयात टंकलेखिका होती. कुठे दात तपासले, कुठे वाचनाचा उपक्रम झाला, कुणाचा सत्कार झाला, सगळे वार्तापत्र तिच्या बोटांखालून जायचे. घंटेच्या जोडीला बोलक्या सूचना लावायचे ठरले आणि ठरवलेली निवेदिका ऐन वेळी आलीच नाही. साहेब म्हणाले, "वायरमन, तुमच्या मिसेस फोनवर काय छान बोलतात. त्यांनाच उभं करा."

खेळाच्या सामानाच्या खोलीत, भिंतींना गाद्या टेकवून, काकांनी रेकॉर्डिंग केले. पंखा आवाज करतो म्हणून तो बंद. घामाने निथळत ती गाद्यांच्या मधोमध उभी राहिली आणि कडक इस्त्री केल्यासारखी बोलायला लागली.

"अगं, अशी काय बोलतेस? जरा आपल्यासारखं बोल की."

"आपल्यासारखं बोलले तर पोरं शाळेत यायची बंद होतील. तुम्ही बटण दाबा."

तिचे घरातले बोलणे वेगळेच होते. खरखरीत, घाईचे. वाक्य सुरू व्हायचे स्वयंपाकघरात आणि संपायचे बाहेरच्या दोरीवर, कपडे वाळत घालताना. मधले शब्द ऐकणाऱ्याने आपापले भरून घ्यायचे. गाद्यांमधल्या बाईला यातले काही माहीत नव्हते. ती 'कृपया' म्हणायची.

ती गेल्यावर काका कामावर रुजू झाले त्या दिवशी एका शाळेत शिडी चढत होते, तर डोक्यावरून ती म्हणाली, "धावू नका. सावकाश." काका दोन पायऱ्या खाली आले आणि शिडीवरच बसले. शिपायाने पाणी आणून दिले.

सगळ्यांना वाटायचे, काका नशीबवान. लेकसुद्धा फोनवर म्हणायची, "बाबा, आईचा आवाज तरी आहे तुमच्याजवळ. दिवसातून दहा वेळा ऐकता. मला तर तेही नाही."

"हो ना," काका म्हणायचे.

खरी गोष्ट सांगायची सोय नव्हती. खरी गोष्ट अशी होती की तो आवाज तिचा नव्हताच, आणि जो तिचा होता तो या आवाजाने खाऊन टाकला होता. सकाळी दूध वर यायला लागले की काका आठवू बघायचे: ती कशी ओरडायची? दोनच तर शब्द असायचे. पण डोक्यात उमटायचे ते असे: *दूध उतू जात आहे. कृपया गॅस बंद करावा.* काकांना हसू यायचे. हसू अर्ध्यावर अडकायचे, आणि तोवर दूध ओट्यावर.

घर पालथे घातले तरी तिच्या बोलण्याचा तुकडा सापडला नाही. लेकीच्या लग्नाच्या व्हिडिओत ती सगळीकडे होती, तोंड सतत चालू, पण वरून गाणी लावलेली. जन्मभर शाळाशाळांतले आवाज दुरुस्त करत फिरलेल्या माणसाच्या घरी ही गत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

म्हणूनच नवी यंत्रणा आली तेव्हा काकांना वाईट वाटले नाही. उलट मनात एक आशा धरली. पाहुणा उठून गेला की घरचे माणूस आतल्या खोलीतून बाहेर येते. तसा हा कृपयावाला आवाज बंद झाला की तिचा खरा आवाज बाहेर येईल. शाळेमागून शाळा करत त्यांनी वायरी कापल्या.

घरचे माणूस काही बाहेर आले नाही.

पाणी पिऊन झाल्यावर नळ बंद करा

आता एकच शाळा उरली होती. बस जिथे वळसा घेऊन परत फिरते, त्याच्याही पुढे. काका तिथे कधी गेलेच नव्हते. कारण साधे होते: तिथला भोंगा कधी बिघडला नाही. सगळ्यात पहिला बसला तो तिथेच, चाचणी म्हणून. बसवला हाताखालच्या एकाने, आणि तो नोकरी सोडून गेला. नंतर बाकीच्या शाळांची रेकॉर्डिंगची मेमरी कार्डे काकांनी स्वतः, खाकरणे-खोकणे छाटून, स्वच्छ करून दिली. या शाळेचे मात्र राहिले ते राहिलेच. चालतंय ना? मग हात लावू नये. या धंद्यातला पहिला धडा.

दारात सफाईवाल्या मावशी झाडूवर हनुवटी टेकवून उभ्या होत्या.

"आलात एकदाचे! मला वाटलं, आमची शाळा नकाशातून पुसली की काय."

"बिघडल्याशिवाय बोलावणार कोण, मावशी?"

"माणूस बिघडल्याशिवायही जातो की कुणाकडे."

यंत्र जिन्याखालच्या खोलीत होते. मावशींनी कुलूप काढले. आत फळ्याचे तुटके पाय, बादल्या, आणि भिंतीवर ती पत्र्याची पेटी, अगदी लख्ख पुसलेली. पेटीच्या खाली खडूने कुणीतरी एक फूल काढले होते.

"पोरांचं काम," मावशी म्हणाल्या. "त्यांना वाटतं, ती बाई इथेच राहते. एकटं कुणी आत यायचं नाही. पण भीत नाहीत हां! घरी जाताना दाराला टाटा करून जातात."

काकांनी पिशवीतून पक्कड काढली. "शाळा सुटायच्या आधी उरकतो. उद्या ऑफिसच्या मॅडम येणार आहेत उद्घाटनाला."

"सुटायच्या आधी?" मावशींचा चेहरा पडला. "नका हो. आजच्या दिवस सुटू दे."

"का? काय आहे सुटताना?"

"तुमच्याच लोकांनी बसवलं आणि मला विचारता! ऐका की. कानाने ऐकायची गोष्ट मी तोंडाने काय सांगू?"

काका पक्कड हातात घेऊन उपड्या बादलीवर बसले.

शाळा सुटली आहे

घंटा झाली. बाके सरकली, दप्तरांच्या चेनी ओढल्या गेल्या, आणि ती बोलली.

"शाळा सुटली आहे. मुलांनी सावकाश घरी जावे. रस्ता बघून ओलांडावा."

सगळ्या शाळांत ती इथे थांबायची. काकांनी हा शेवट इतक्या वेळा ऐकला होता की त्यांचा हात आपोआप गुडघ्यावर आला, उठण्यासाठी.

पण कर्ण्यातून खरखर चालूच राहिली. एक गादी घसरल्याचा आवाज. कुणीतरी मोठा श्वास सोडला. आणि मग, माइकपासून तोंड फिरवून, उकाड्याने वैतागलेली, केव्हा एकदा बाहेर पडते असे झालेली, खरखरीत:

"झालं का हो?"

आणि वरच्या मजल्यापासून खालच्यापर्यंत अख्खी शाळा ओरडली, "झा-लं!"

लगेच जिन्यावर पावलांचा धडधडाट. सावकाश कुणीही जात नव्हते.

पक्कड काकांच्या हातून शेजारच्या बादलीवर पडली. तो 'हो' तिने थोडा वर उचलला होता. शिव्या द्यायच्या नसल्या की ती असाच उचलायची. चाचणीचे कार्ड. न छाटलेले. छाटायचे राहिले म्हणून उरलेले.

पुढचेही त्यांना आठवले. त्या दिवशी गाद्यांच्या खोलीत ती हे म्हणाली तेव्हा त्यांनी उत्तर दिले नव्हते, नुसते बटण दाबले होते. सगळेच नवरे तसेच करतात. प्रश्न हवेत राहिला, कार्डात गेला, इथे येऊन रोज दुपारी नव्याने विचारला गेला. आणि इतकी वर्षे त्यांच्या वाटणीचे उत्तर ही पोरे देत होती.

"रोज असतं हे," मावशी कौतुकाने म्हणाल्या. "पहिलीतली पोरं आठवड्यात शिकतात. मोठ्या बाईंनी एकदा दम भरला होता, ओरडायचं नाही म्हणून. मग एक दिवस बघते तर त्यांचेच ओठ हलतायत." त्या काकांकडे बघत राहिल्या. "ओळखीची का हो ती बाई?"

"हो. आमच्याच ऑफिसात होती."

"होती?"

"बदली झाली."

"लांब?"

"हो. लांबच."

मावशींनी पक्कड उचलून त्यांच्या पिशवीत ठेवली. त्या दिवशी काकांनी वायर कापली नाही.

वार्तापत्र, शेवटचे पान
*विभागातील अखेरच्या शाळेत उद्घोषणा यंत्रणेचे उद्घाटन उत्साहपूर्ण वातावरणात पार पडले. विद्यार्थ्यांनी टाळ्यांच्या गजरात नव्या आवाजाचे स्वागत केले.*

(बातमी आदल्या दिवशीच छापायला गेली होती. वार्तापत्राची ती जुनी रीत. टंकलेखिका जिवंत असताना म्हणायची, "आमच्याकडे लग्नाआधी बारसं असतं.")

कृपया

दुसऱ्या दिवशी सकाळी काका दाढी करत होते. गॅसवर दूध होते.

*अहो, दूध!*

दोन शब्द. पाठीमागून. स्वयंपाकघरात सुरू झालेले, बाहेर येता येता तुटलेले.

काका तोंडाला फेस तसाच ठेवून दारात उभे राहिले. दूध काठावर आले, फुगले, खाली ओघळले, ज्योत पिवळी होऊन विझली. ते बघत राहिले. मग बऱ्याच उशिराने त्यांनी गॅस बंद केला.

निघण्याआधी त्यांनी कार्यक्रम अधिकारी मॅडमना फोन लावला. "मॅडम, त्या शेवटच्या शाळेत जुनंच राहू दिलं तर?"

"काका, सगळ्या शाळांत एकच आवाज, हीच तर बातमी आहे. एक शाळा उरली तर बातमी कसली?"

"मग निदान... नव्यात एक वाक्य घालता येईल? शेवटी. फक्त तिथे."

"कुठलं?"

काकांनी घसा साफ केला. बायकोचे वाक्य स्वतःच्या तोंडून म्हणायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. "झालं का हो."

मॅडमनी ते वाक्य स्वतः एकदा म्हणून बघितले. बाई मनाने चांगली होती. "काका, ते सूचनेत कुठे बसणार, सांगा ना."

"नाही बसणार," काका म्हणाले. "तेही खरंच."

—

त्यांनी काम नेहमीसारखे चोख केले. जुनी पेटी उघडली, कार्ड काढले, शर्टाच्या खिशात ठेवले. वर रुमाल. घरी नेऊन मोबाईलवर लावता आले असते. पुन्हा पुन्हा लावता आले असते, आणि पुन्हा पुन्हा लावून लावून एक दिवस त्याचाही भोंगा झाला असता. ते पुढचे पुढे.

वेळ झाली. मॅडम व्हरांड्यात फोटोवाल्याशेजारी उभ्या होत्या, टाळी वाजवायला हात जुळवून. मोठ्या बाई त्यांच्यामागे. मुले वर्गांच्या दारांत दप्तरे लावून उभी. काका जिन्याखालच्या खोलीच्या दारात, शिडी धरून.

"शालेय कामकाज समाप्त झाले आहे. सर्वांना धन्यवाद."

आवाज सुंदर होता. खोट काढायला जागा नव्हती. तो संपला तिथेच संपला. मागे खरखरसुद्धा उरली नाही.

कुणी हलले नाही.

मॅडमचे हात हवेतच राहिले. मुले वर कर्ण्याकडे बघत होती. मावशींचा झाडू थांबला होता. वरच्या मजल्यावर कुणाची तरी पाण्याची बाटली पडली आणि घरंगळत गेली, तिचा आवाज शेवटपर्यंत ऐकू आला.

आणि मग, कुणी खूण न करता, अख्खी शाळा ओरडली.

"झा-लं!"

"अरे!" मॅडम दचकून हसल्या. "तुम्हाला विचारलं कुणी?"

मोठ्या बाई जमिनीकडे बघत होत्या. फोटोवाल्याने तेवढ्यात फोटो काढला.

जिन्यावरून पोरांचा लोंढा सुटला. खालच्या वळणावर येऊन एकेकाने, धावता धावता, त्या दाराकडे हात हलवला. दारात काका उभे होते. क्षणभर त्यांना वाटले, आपल्यालाच. त्यांचा हातही थोडा वर गेला.

मग त्यांनी शिडी उचलली आणि ते दारातून बाजूला झाले.